अठरा हजारांची विकतची मतं

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"आम्ही दोघी जावा विलेपार्ले पूर्वेला घरून उकडीचे मोदक, पुरणपोळ्या आणि दिवाळीचा फराळ करून देतो. पाच वर्षं झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर दीडशेच्या आसपास गिऱ्हाइकं आहेत, बाकी सगळं तोंडी ओळखीवर. एका मोदकामागे बारा रुपये सुटतात आणि गणपतीत दिवसाला फार तर तीनशे मोदक होतात. गेल्या वर्षी जवळच एक नवीन दुकान निघालं. त्यांना दोन महिन्यांत गूगलवर दोनशेवर रिव्ह्यू आले, आमचे पाच वर्षांत एकोणीस. भाच्याच्या ओळखीच्या एका डिजिटल मार्केटिंगवाल्याने पॅकेज दिलंय: गूगलवर ५० पंचतारांकित रिव्ह्यू, इन्स्टाग्रामवर ५,००० फॉलोअर, आणि रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावर 'मुंबईत चांगले मोदक कुठे मिळतात' या चर्चेत आमच्या नावाला १०० मतं. एकूण १८,००० रुपये. चार हजार आगाऊ दिलेत, त्याला गूगलच्या प्रोफाइलला जोडून घेतलंय आणि इन्स्टाग्रामचा पासवर्डही दिलाय. गणपती दीड महिन्यावर आलेत. आमचे हे म्हणतात बेकायदेशीर आहे, जाऊ म्हणते सगळेच करतात. काय करावं?"

ताई,

यजमानांचं आणि जाऊबाईंचं भांडण जरा बाजूला ठेवा. पत्रात चार हजारांपेक्षा जास्त खटकला तो पासवर्ड. पुढचं वाचण्याआधी हातासरशी एवढं उरकून टाका.

व्यवसायाचं प्रोफाइल ज्या जीमेलने उघडलं, त्याच जीमेलने लॉग-इन करून गूगलवर आपल्या व्यवसायाचं नाव टाका. वर तुमचं प्रोफाइल बदल करायच्या बटणांसकट दिसेल. तीन टिंबांवर दाबा, 'बिझनेस प्रोफाइल सेटिंग्ज', मग 'पीपल अँड अ‍ॅक्सेस'. तिथे त्या माणसाचं नाव 'मॅनेजर' म्हणून असेल किंवा 'ओनर' म्हणून. दोन्हींपैकी काहीही असलं तरी काढून टाका, पण ओनर असेल तर आजच काढा. नव्याने जोडलेल्या ओनरला पहिले सात दिवस इतरांना काढून टाकता येत नाही आणि प्रोफाइलही पुसता येत नाही. आठव्या दिवसापासून येतं. तुम्ही त्याला कधी जोडलंत ते पत्रात नाही, म्हणून घाई.

इन्स्टाग्रामवर पासवर्ड बदला आणि टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक कोड लागण्याची सोय, चालू करा. पण तेवढ्यावर थांबू नका. 'अकाउंट्स सेंटर'मध्ये 'पासवर्ड अँड सिक्युरिटी'खाली कुठकुठल्या फोनवर तुमचं खातं उघडं आहे त्याची यादी असते. अनोळखी फोन दिसला की बाहेर काढा. खात्याला जोडलेला ईमेल आणि मोबाइल नंबर तुमचाच आहे ना, तेही बघा, कारण ईमेल त्याचा असेल तर नवा पासवर्ड तो पुन्हा बदलू शकतो. मग 'युअर अ‍ॅक्टिव्हिटी'मध्ये जाऊन तुमच्या खात्याने अलीकडे कशाकशाला लाइक दिलंय ते वाचा. कुठल्याशा परगावच्या जिमला, पत्त्यांच्या जुगाराच्या अ‍ॅपला, कुणा उमेदवाराच्या रीलला तुम्ही मन लावून लाइक देताय असं दिसलं, तर पासवर्ड कशाला हवा होता ते कळेल. कुणाच्या पोस्टला लाइक पाठवायला त्या पोस्टची लिंक पुरते. पासवर्ड लागतो तो तुमच्या खात्यालाच मतदार म्हणून राबवायला.

झालं? आता हा माणूस विकतो काय ते बघू.

त्याच्याकडे मत देणारी शंभर माणसं नाहीत. त्याचं एखाद्या 'एसएमएम पॅनेल'वर खातं असणार. हा सोशल मीडिया मार्केटिंगच्या नावाखाली चालणारा लाइक-मतांचा घाऊक बाजार आहे. पैसे आधी वॉलेटमध्ये भरायचे, यादीतून माल निवडायचा, लिंक चिकटवायची, आकडा टाकायचा. लाइक-फॉलोअरचे दर हजारी असतात. यादीतली भाषाही बाजारातलीच: 'इंडियन रिअल', 'नॉन-ड्रॉप', '३० दिवस रिफिल', 'ड्रिप-फीड'. कंपनीने खोटी खाती पुसली की तुमचा आकडा खाली येतो, त्याला ड्रॉप म्हणतात. घसरलेलं पुन्हा भरून देणं म्हणजे रिफिल. आणि एकदम न ओतता तासातासाने थोडं थोडं सोडणं म्हणजे ड्रिप-फीड, संशय येऊ नये म्हणून. गळती होणार हे धरूनच जो माल विकला जातो, त्याची प्रत काय असणार! यातली बरीच पॅनेलं स्वतः काही करत नाहीत, दुसऱ्या पॅनेलचा माल वर दोन पैसे लावून पुढे ढकलतात. तुमच्या भाच्याचा मित्र या साखळीत तिसरा की पाचवा, ते त्यालाही सांगता येणार नाही.

मत देणारी खाती साधारण तीन जातींची. काही यंत्राने घाऊक उघडलेली, काही चोरलेली किंवा तुमच्यासारख्यांनी आपणहून पासवर्ड दिलेली, आणि काही खऱ्याखुऱ्या माणसांची, जी प्रत्येक क्लिकमागे थोडे पैसे घेतात. टेलिग्रामवर 'घरबसल्या लाइक करा आणि कमवा' असे निरोप येतात, त्यातले काही या कामाचे असतात. उरलेली सरळ फसवणूक: आधी दीडशे-दोनशे रुपये खरोखर द्यायचे आणि मग 'प्रीमियम टास्क'साठी डिपॉझिट मागायचं.

आता मुख्य गोष्ट. हीच खाती तुमच्यानंतर, तुमच्याआधी आणि तुमच्याच वेळी दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही मतं देत असतात. सुरतेचे पॅकर्स-मूव्हर्स, कोचिंग क्लास, केस लावणारा दवाखाना, आणि मध्येच तुमचे मोदक. कंपन्या एकेक मत हातात घेऊन खरं-खोटं करत बसत नाहीत. कोणती खाती पुन्हापुन्हा एकत्र येऊन, जवळजवळ एकाच वेळी, त्याच त्या गोष्टींना मत देतात, तो कळप शोधतात. एकाच फोनवरून किती खाती चालतात, घरगुती इंटरनेटवरून मत आलं की सर्व्हरवरून, खातं नुसतीच मतं देतं की कधी काही वाचतं-लिहितंही, हे सगळं त्यात धरलेलं असतं. मग ड्रिप-फीडने तुमची मतं कितीही सावकाश सोडली तरी उपयोग होईलच असं नाही. दुसऱ्या कुणाचं बिंग फुटलं की त्या खात्यांनी आणखी कुणाकुणाला मतं दिली ते मागे जाऊन काढता येतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

रेडिटचं आधी सांगतो, कारण तुमच्या पॅकेजमधला तो सगळ्यात निरुपयोगी भाग आहे आणि त्यातच सगळ्यात चिवट नुकसान आहे.

रेडिटची मतं आत्ता एवढी का विकली जातात? फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलने रेडिटशी मजकुरासाठी करार केला, आणि शोधनिकालांत रेडिटवरच्या चर्चा आता ठळक दिसतात. म्हणून तिथे नाव वर असावं असं सगळ्या धंदेवाल्यांना वाटू लागलं. धंदा मात्र जुनाच आहे. २००७ मध्ये अमेरिकेत एका पत्रकाराने 'डिग' या तशाच मतांवर चालणाऱ्या संकेतस्थळावर पैसे मोजून मतं घेऊन बघितली होती, आणि तेव्हाही ती पुरवणारी सेवा तयारच होती.

क्रमवारी कशी लागते ते थोडं समजून घ्या. रेडिटने आपला कोड २०१७ पर्यंत सगळ्यांसाठी उघडा ठेवला होता, त्यामुळे जुनं सूत्र माहीत आहे. पोस्टच्या क्रमवारीत पहिल्या १० मतांनी जेवढी उडी मिळते, तेवढीच पुढच्या ९० मतांनी मिळते आणि तेवढीच त्यापुढच्या ९०० मतांनी. शिवाय दुसरीपेक्षा साडेबारा तासांनी नवी असलेली पोस्ट, तिला दहापट मतं असल्यासारखी वर राहते. म्हणजे खरा खेळ सुरुवातीच्या थोड्या मतांचा. आज सूत्र अधिक गुंतागुंतीचं झालंय, पण लवकर आलेली मतं मोलाची, हा भाग विकणारे अजून सांगतात.

पण तुमचा माणूस मतं देणार आहे चर्चेखालच्या उत्तराला. उत्तरांसाठी 'बेस्ट' नावाची वेगळी क्रमवारी २००९ पासून आहे, आणि तिच्यात एकूण मतांपेक्षा बाजूच्या-विरोधातल्या मतांचं प्रमाण बघतात. १० बाजूने आणि १ विरोधात असलेलं उत्तर, ४० बाजूने आणि २० विरोधात असलेल्याच्या वर बसतं. आता कल्पना करा. मोदकांच्या चर्चेत बाकीच्या उत्तरांना आठ-दहा मतं आणि एका उत्तराला अचानक शंभर. लिहिणारं खातं तीन आठवड्यांपूर्वीचं, आणि त्याच खात्याने काल पुण्याच्या एका दंतवैद्याची तारीफ केलेली. मुंबईच्या चर्चेतली माणसं असलं चटकन हेरतात. ती विरोधात मत देतात, वर खोचक प्रतिक्रियाही लिहितात, आणि तुमच्या नावाखाली ती प्रतिक्रियाच सगळ्यात जास्त वाचली जाते. हात दाखवून अवलक्षण.

दिसणारा आकडाही खरा नसतो. मतं विकणाऱ्यांना अंदाज लागू नये म्हणून रेडिट तो मुद्दाम थोडा मागेपुढे दाखवतं. तेव्हा 'काम झालं' म्हणून स्क्रीनशॉट आला तर त्यावरून किती मतं खरंच धरली गेली ते कळत नाही.

चिवट नुकसान असं. रेडिटवरच्या चर्चा वेगवेगळ्या गटांत चालतात. हे गट चालवणारे मॉडरेटर बिनपगारी हौशी लोक असतात, आणि एखादा शब्द आला की मजकूर आपोआप उडवायचा नियम लावून ठेवणं त्यांच्या हातात असतं. तुमच्या व्यवसायाचं नाव त्या यादीत एकदा गेलं, की पुढच्या वर्षी एखाद्या खऱ्या गिऱ्हाइकाने आपणहून कौतुक लिहिलं तरी ते कुणाला दिसायच्या आत उडेल. त्या गिऱ्हाइकाला आणि तुम्हाला कळणारही नाही. मतं थोडी असली म्हणून सुटका होते असंही नाही. २०१४ मध्ये 'युनिडॅन' या टोपणनावाने लिहिणाऱ्या, रेडिटवर अतिशय लाडक्या अशा एका जीवशास्त्रज्ञावर बंदी आली, ती स्वतःच्याच पाचेक जादा खात्यांनी आपल्या उत्तरांना सुरुवातीची मतं दिली म्हणून.

आता गूगल. पॅकेजमधले रिव्ह्यू कसे असतात याचा एक नमुना बघा. "खूप छान सर्व्हिस. स्टाफ पोलाइट आहे. जागा स्वच्छ आणि पार्किंगची सोय उत्तम. नक्की भेट द्या." पाच तारे. तुमचा स्टाफ म्हणजे तुम्ही आणि जाऊबाई, आणि पार्किंग म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींच्या गाडीची जागा. घरगुती स्वयंपाकघराला असले रिव्ह्यू आले की पार्ल्यातल्या कुणालाही ते वाचता वाचता कळतं. लिहिणाऱ्याच्या नावावर दाबलं तर, त्याने लपवलं नसेल तर, त्याचे बाकीचे रिव्ह्यूही दिसतात: एकाच आठवड्यात जयपूरचं हॉटेल, कोइमतूरचं गॅरेज आणि तुमचे मोदक.

पकडलं गेलं तर गूगल ते रिव्ह्यू काढतं, आणि तेवढ्यावर भागेलच असं नाही. ठरावीक काळ नवे रिव्ह्यू बंद करता येतात, आधीचे सगळे झाकून ठेवता येतात, आणि प्रोफाइलवर 'इथले संशयास्पद रिव्ह्यू काढले आहेत' अशी पाटी लावता येते. गणपतीच्या आठवड्यात ती पाटी लागली तर? तुमचे पाच वर्षांतले एकोणीस खरे रिव्ह्यूही त्यात झाकले जाऊ शकतात. प्रोफाइलच बंद पडलं तर अपील करता येतं, पण अपील टाकल्यावर पुरावे जोडायला साठ मिनिटंच मिळतात. म्हणून एफएसएसएआयच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, विजेचं बिल आणि व्यवसायाच्या नावाचं एखादं बिल आधीच स्कॅन करून फोनमध्ये ठेवा. हे तुम्ही काही न करताही ठेवलेलं बरं, कारण चुकीनेही प्रोफाइलं बंद पडतात.

इन्स्टाग्रामचा हिशोब साधा आहे. समजा तुमचे ८०० फॉलोअर आहेत आणि चांगल्या रीलला १२० लाइक येतात. ५,००० विकतचे आले की फॉलोअर ५,८००, लाइक तेच १२०. इन्स्टाग्रामच्या प्रमुखांनी जानेवारी २०२५ मध्ये स्वतः सांगितलं होतं की रील किती वेळ बघितलं गेलं, जितक्यांना दिसलं त्या प्रमाणात किती लाइक आले आणि किती जणांनी ते दुसऱ्याला पाठवलं, या तीन गोष्टींना सर्वांत जास्त वजन असतं. विकतचा फॉलोअर रील बघत नाही आणि नणंदेला पाठवतही नाही. प्रमाण पडतं, आणि पुढचं रील तुमच्या खऱ्या गिऱ्हाइकांनाही कमी दिसायची भीती राहते. विकत घेतलेले फॉलोअर नंतर एकेक करून काढत बसणं हे मोदकाच्या कळ्या पाडण्याइतकंच नाजूक आणि त्याहून कंटाळवाणं काम आहे.

यजमानांचा मुद्दा आता. हो, कायद्यात बसत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे भारतीय मानक आलं. ते ऐच्छिक आहे, पण विकतचे रिव्ह्यू छापू नयेत हे त्यात स्वच्छ म्हटलंय. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू आणि खोटे फॉलोअर विकणं-विकत घेणं यावर थेट दंड आहे, आणि तुम्ही वापरता त्या तिन्ही कंपन्या अमेरिकेतल्या. खरं सांगायचं तर ५० रिव्ह्यूंसाठी दिल्लीहून कुणी तुमच्या स्वयंपाकघराचं दार ठोठावेल असं वाटत नाही. जवळचा धोका वेगळा आहे. जुलै २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने एका गायिकेच्या नावाने उघडलेल्या बनावट इन्स्टाग्राम खात्याच्या तक्रारीवरून तपास केला आणि खोटे फॉलोअर विकण्याचं प्रकरण बाहेर काढलं. नंतर एका नावाजलेल्या रॅपरलाही चौकशीला बोलावलं, त्याने आरोप नाकारले. असा विकणारा सापडला की त्याचा फोन जप्त होतो, आणि त्या फोनमध्ये गिऱ्हाइकांची नावं, यूपीआयच्या नोंदी आणि 'दादा, रिव्ह्यू कधी टाकताय' असे निरोप असतात.

जाऊबाईंच्या 'सगळेच करतात'बद्दल. समोरच्या दुकानाचे दोनशे रिव्ह्यू खोटेच आहेत असं धरून चालू नका. रस्त्यावरचं दुकान आहे, दिवसाला शंभर माणसं आत येतात, काउंटरवर क्यूआर कोड लावला असेल तर दोन महिन्यांत दोनशे होऊ शकतात. बघायचंच असेल तर रिव्ह्यू 'न्यूएस्ट'ने लावा आणि तारखा बघा. खरे रिव्ह्यू शनिवार-रविवारी आणि सणाला दाटतात, मध्ये विरळ होतात, आणि त्यात एखादा तीन ताऱ्यांचा 'साखर जास्त'वाला असतोच. सगळे मंगळवार-बुधवारी, सगळे पाच तारे, पदार्थाचं नाव कुठेच नाही, असं असेल तर त्या त्या रिव्ह्यूच्या तीन टिंबांतून गूगलला कळवा. उघडपणे मात्र कुठेही 'यांचे रिव्ह्यू विकतचे' असं लिहू नका. सिद्ध करता आलं नाही तर बदनामीचं लफडं तुमच्या गळ्यात.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न हाच येणार: पैसे न देता घरच्यांनाच मतं द्यायला सांगितलं तर? जागा बदलली की नियम बदलतो. इन्स्टाग्रामवर मावशी-आत्यांना 'लाइक करा गं' म्हणायला हरकत नाही. गूगलवर ज्यांनी खरोखर तुमचे मोदक खाल्लेत अशा गिऱ्हाइकांना विचारायला हरकत नाही, पण तुम्ही स्वतः, जाऊ, यजमान आणि कधीही ऑर्डर न दिलेले नातेवाईक यांनी लिहायचं नाही. रेडिटवर मात्र मतं मागणंच नियमाबाहेर आहे. 'इथे जाऊन वर करा' असा निरोप कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलात तरी तो मतांचा फेरफारच धरतात. तिथे लिहायचं असेल तर गटाचे जाहिरातीचे नियम वाचून, 'हा आमचाच व्यवसाय आहे' असं पहिल्याच ओळीत सांगून लिहा.

आता उरलेले १४,००० आणि सहा आठवडे.

आधी एक आकडेमोड. एका मोदकामागे बारा रुपये, म्हणजे १८,००० भरून काढायला १,५०० मोदक जास्तीचे विकायला हवेत. दिवसाला तीनशे या वेगाने पाच पूर्ण दिवस, आणि तेही जुन्या ऑर्डरी सोडून. तुमची अडचण मागणी कमी असण्याची नाहीच, हात चार असण्याची आहे. पॅकेजने कमाल केली आणि उद्या मीरा रोडहून, चेंबूरहून पन्नास फोन आले, तर उकडीचे मोदक तिथे गरम कसे पोहोचवणार? तुम्हाला पार्ले, अंधेरी, सांताक्रूझमधली आणखी साठ-सत्तर घरं मिळाली तरी पुरे.

गूगलवर घरगुती व्यवसायाने पत्ता लपवून 'सर्व्हिस एरिया' लावायचा असतो, वीसपर्यंत भाग निवडता येतात. पाच-सहाच निवडा. जवळपासच्या शोधात गूगल तीन गोष्टी बघतं: विचारलेल्याशी मेळ, अंतर आणि ठळकपणा. रिव्ह्यूंनी मुख्यतः तिसरी वाढते. पहिलीसाठी प्रोफाइलच्या 'प्रॉडक्ट्स'मध्ये उकडीचे मोदक, तळणीचे मोदक, पुरणपोळी असं वेगवेगळं, फोटो आणि भावासकट टाका. बहुतेक घरगुती व्यवसाय हे करत नाहीत आणि ते फुकट आहे.

रिव्ह्यू मागण्यासाठी तुमच्या हातात गणपतीआधी एक हुकमी दिवस आहे, संकष्टी. मोदक चंद्रोदयानंतर खाल्ले जातात, म्हणून रात्री निरोप पाठवू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराला पाठवा. प्रोफाइलमध्ये 'आस्क फॉर रिव्ह्यूज' दाबलं की लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. निरोप एवढाच: "काल आमचे मोदक घेतलेत. कसे होते ते दोन ओळीत इथे लिहाल का? काही कमी-जास्त असेल तर तेही लिहा." बदल्यात दोन मोदक जास्तीचे, पुढच्या ऑर्डरला सूट, असलं काही देऊ नका. गूगलला ते चालत नाही. फक्त खूश दिसलेल्या गिऱ्हाइकांनाच वेचून विचारणंही चालत नाही. ब्रॉडकास्ट यादीने पाठवलंत तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला नाही त्यांना ते मिळतच नाही, म्हणून नाव घालून एकेकाला पाठवा, दिवसाला पंधरा-वीस. संकष्टीला न घेतलेल्यांना 'काल'च्या जागी त्यांच्या ऑर्डरचा दिवस आणि पदार्थ घाला. दीडशे जण दहा दिवसांत होतात. सगळे लिहिणार नाहीत. चाळीस जणांनी जरी लिहिलं, आणि त्यातल्या दहांनी 'पारी पातळ, सारण वेलदोड्याचं, वेळेवर आले' असं काही लिहिलं, तर पॅकेजमधल्या पन्नासांपेक्षा ते जास्त कामाला येतील. प्रत्येकाला एका ओळीत उत्तर द्या, तक्रारीला आधी.

पैसे खर्चून वर दिसायचंच असेल तर त्याचा उघड रस्ता म्हणजे इन्स्टाग्रामवरची जाहिरात. कळ्या पाडतानाचा पंधरा-वीस सेकंदांचा जवळून घेतलेला व्हिडिओ, त्यावर भाव, किमान किती घ्यावे लागतील आणि ऑर्डर कधीपर्यंत. तो पार्ल्याभोवती चार-पाच किलोमीटरच्या वर्तुळात, दिवसाला २५० रुपयांनी दहा दिवस चालवा, अडीच हजारांत होतं. शेवटचा आठवडा सोडून आधीचे दोन निवडा, शेवटी सगळेच मोदकवाले उतरतात. पार्ल्यातल्या एखाद्या खाद्यपदार्थांवर रील करणाऱ्याला पैसे किंवा मोदक देऊन बोलावलंत तर त्याने रीलवर 'जाहिरात' असं ठळक लिहायला हवं, एवढं आधीच ठरवून घ्या. उरलेल्या पैशांतून एक मोठं मोदकपात्र आणि सणाच्या पाच दिवसांपुरती सारण भरायला एक मदतनीस घ्या. आमच्या मते हाच खर्च सगळ्यात आधी करायला हवा.

राहिला तो माणूस. त्याला फोनवर बोलत बसू नका, लिहूनच कळवा: "आम्हाला ही सेवा नको. आमच्या व्यवसायासाठी कुठलाही रिव्ह्यू, लाइक किंवा मत टाकू नका. उरलेले पैसे देणार नाही." कारणं देऊ नका. चार हजार परत मागून बघा, पण दिले नाहीत तर अक्कलखाती जमा करा. बेकायदा कामाचा करार कोर्टात नेऊन पैसे वसूल होतील या भरवशावर राहू नका. काम आधीच सुरू झालं असेल, दोन-चार परगावचे रिव्ह्यू दिसत असतील, तर ते तुम्हीच तीन टिंबांतून खोटे म्हणून कळवा, आणि त्याला पाठवलेल्या निरोपाचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा. उद्या गूगलने विचारलं तर तोच कामाला येईल.

क्वचित असले लोक उलटतात. 'पैसे द्या, नाहीतर एक-ताऱ्याचे पन्नास पडतील' अशी धमकी आली तर एक रुपयाही देऊ नका, कारण पहिला दिलात की दुसऱ्याची मागणी येते. धमकीचा स्क्रीनशॉट, नंबर, यूपीआय आयडी जपा. ही खंडणीच आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली येते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, आणि तक्रारीचा क्रमांक घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. एक-ताऱ्याचे रिव्ह्यू खरंच पडले तर त्यांच्याखाली भांडू नका. प्रत्येकाखाली एवढंच लिहा की 'या नावाची ऑर्डर आमच्या नोंदीत नाही, ऑर्डरची तारीख कळवा', आणि गूगलला कळवा. त्यासाठी तुमची ऑर्डरची वही नीट हवी: नाव, तारीख, नग, भाग. सध्या ती व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपांतच विखुरलेली असेल, तर एका वहीत उतरवायला या रविवारी बसा. ऑर्डरी कधी बंद करायच्या तेही तिथेच ठरेल: रोजचा तीनशेचा आकडा भरला की त्या दिवसापुढे रेघ मारा आणि इन्स्टाग्रामवर 'चतुर्थीच्या ऑर्डर पूर्ण' असं टाका.